जंगलात जाऊनही काहीच वाटलं नाही

वाचकाचं पत्र :

माझं वय ४३. गेली काही वर्षं घरूनच काम करते, हिशेब तपासणीचं. दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर जातात. सासूबाई पडल्या तेव्हापासून अंथरुणाला खिळून आहेत, त्यांचं सगळं मीच बघते. मुलगी नऊ वर्षांची, तिला नुकताच चष्मा लागला. मला रात्री लवकर झोप येत नाही, आली तर तीन-साडेतीनला जाग येते आणि मग डोक्यात तेच ते विचार. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, रिपोर्ट नॉर्मल आले. ‘जरा मोकळ्या हवेत जात जा’, म्हणाले. नणंदेने हट्टाने दोन दिवस जंगलातल्या एका निवासात नेलं. बाकी सगळे हरखून गेले होते. मला काहीच वाटलं नाही. कंटाळा आला, सारखी मोबाइल बघत होते. परत आल्यावर जास्तच उदास वाटलं. हल्ली तसा कशातच रस वाटत नाही. माझ्यातच काही कमी आहे का? निसर्गाशी नातं जोडायचं म्हणजे नक्की काय करायचं, आणि त्याला वेळ कुठून आणायचा? घरात चार कुंड्या आणून ठेवल्या तर भागेल का?

उत्तर :

प्रिय ताई,

तुमच्यात काहीही कमी नाही. हे आधी सांगते, कारण बाकी सगळं लिहून झाल्यावर तुम्ही तो प्रश्न विचारलाय, आणि मला वाटतं, पत्र लिहायला बसलात ते त्याच प्रश्नापायी.

त्या दोन दिवसांत काय झालं असेल ते बघा. कित्येक महिने झोप पुरी न झालेली, एक कान कायम आजारी माणसाच्या खोलीकडे लागलेली बाई अनोळखी जागी गेली. घरी सासूबाईंचं औषधपाणी नीट होतंय ना, ही काळजी बरोबर होतीच. त्यात भोवतीचे सगळे ‘किती सुंदर!’ म्हणत होते आणि आपल्यालाही तसंच वाटायला हवं, हे दडपण होतं. अशा वेळी कोण हरखून जाईल? ते ठरवून होत नसतं. तुम्ही थकलेल्या होतात, आणि जंगलात जाऊन थकवा पहिल्यांदाच जाणवला असावा. घरी तो जाणवायलाही उसंत नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. झाडांमध्ये गेल्याचा उपयोग व्हायला तिथे आनंद झालाच पाहिजे असं नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही जणांना एकदा वृक्षोद्यानातून आणि एकदा शहरातल्या गजबजलेल्या रस्त्यांवरून चालायला पाठवलं, आणि दोन्ही वेळा आधी आणि नंतर एक साधी चाचणी घेतली. आकडे ऐकायचे आणि उलट्या क्रमाने म्हणून दाखवायचे. झाडांमधून चालून आल्यावर लोकांना ते बरंच चांगलं जमलं. रस्त्यावरून आल्यावर तसा फरक पडला नाही. यातले काही जण उन्हाळ्यात चालले होते, काही कडाक्याच्या थंडीत. थंडीतल्यांना ते चालणं फारसं आवडलं नव्हतं. सुधारणा मात्र त्यांच्यातही तेवढीच दिसली. म्हणून पुढे जे सांगणार आहे ते करताना ‘मला छान वाटतंय का?’ हे सारखं तपासू नका. वाटलं तर उत्तमच, नाही वाटलं तरी शरीर आणि मन आपलं काम करत असतात.

असं का होत असावं, याचा एक चांगला उलगडा रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने केला आहे. हिशेबाच्या ओळी तपासताना जे लक्ष लागतं ते आपण जोर लावून धरून ठेवलेलं असतं. फोन वाजला, दारावर कुणी आलं, सासूबाईंनी हाक मारली, की मन पुन्हा खेचून आकड्यांवर आणावं लागतं. ही खेचाखेच दमवते. दिवसभर ती चालली की माणूस चिडचिडा होतो, साध्यासाध्या गोष्टी विसरतो, संध्याकाळी काय करायचं एवढंही ठरवता येत नाही. पानांची हालचाल, सरकणारे ढग, पाण्यावरचे तरंग, पाखरांची ये-जा यांच्याकडे लक्ष आपसूक जातं. जोर लावावा लागत नाही, आणि मनात दुसरं काही यायला जागाही उरते. तेवढ्या वेळात ते राबवलेलं लक्ष विश्रांती घेतं. मोबाइलवरच्या व्हिडिओंकडेही लक्ष आपसूक जातं हे खरं, पण ते सबंध मन पकडून ठेवतात. म्हणून तासभर व्हिडिओ बघून उठलं तरी डोकं जडच राहतं.

पुढचं सांगण्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबते. ‘हल्ली तसा कशातच रस वाटत नाही.’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला ते जाता जाता सोडवत नाही. मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं हे दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ चाललं असेल, जोडीला झोप मोडत असेल, भूक बदलली असेल, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. रक्ताच्या तपासणीत नैराश्य दिसत नाही. डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि या वेळी हे वाक्य जसंच्या तसं त्यांना सांगा, किंवा थेट मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील, तर उद्यावर टाकू नका. आजच घरातल्या कुणाशी तरी बोला आणि मदत घ्या. फिरणं, झाडं, ऊन हे सगळं उपचारांच्या सोबतीने चांगलं काम करतं. उपचारांऐवजी मात्र ते करू नका.

आता झोपेकडे येते. मोकळ्या हवेचा मला सर्वांत खात्रीचा वाटणारा फायदा इथेच आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही.

आपल्या मेंदूत शरीराचं दिवसरात्रीचं घड्याळ आहे. ते रोज लावून घ्यावं लागतं, आणि मुख्यतः ते प्रकाश लावतो. डोळ्याच्या पडद्यावर काही खास पेशी असतात. बघण्याशी त्यांचा फारसा संबंध नसतो, बाहेर किती उजेड आहे हे मेंदूला कळवणं हे त्यांचं मुख्य काम. त्यांना भरपूर उजेड लागतो. घरात दिवे लावून आपल्याला लख्ख वाटतं, पण तो उजेड बहुतेक वेळा १०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) एवढाच असतो. बाहेर आभाळ भरून आलेलं असलं तरी तो काही हजार लक्स असतो, आणि भर उन्हात १,००,००० लक्सपर्यंत जातो. डोळा इतक्या चटकन जुळवून घेतो की हा शेकडो पटींचा फरक आपल्या लक्षातच येत नाही. दिवसभर घरात बसलेल्या माणसाचं शरीर जणू संधिप्रकाशात वावरत असतं, आणि रात्री दिवे, टीव्ही, मोबाइल चालू राहिल्याने रात्रही नीट होत नाही. मग झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा वाढू लागतं.

२०१३ साली कोलोरॅडोतल्या संशोधकांनी काही जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. दिवे नाहीत, मोबाइल नाहीत, फक्त सूर्य आणि रात्री शेकोटी. आठवड्याअखेरीस त्यांचं शरीरातलं घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे सरकलं होतं, सूर्यास्ताच्या सुमारास मेलाटोनिन वाढायला लागलं होतं. तुम्ही आठवडाभर तंबूत राहू शकणार नाही, आणि त्याची गरजही नाही. सकाळी उठल्यानंतर पहिल्या तास-दीड तासात वीस-तीस मिनिटं घराबाहेर, आभाळाखाली असा. सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं बाहेर असायचं. आणि झोपायच्या आधी तासभर घरातले मोठे दिवे बंद. फरक पडायला थोडे दिवस लागतील. मध्येच एखादी रात्र वाईट गेली म्हणून सोडू नका.

वेळ कुठून आणायचा हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर एकट्या तुमच्याकडे नाही. पत्रात नणंद आहे, मुलगी आहे, सासूबाई आहेत. तुमच्या यजमानांचा उल्लेखच नाही. ते घरात असतील, तर सकाळची ती वीस-तीस मिनिटं त्यांनी आईजवळ बसायचं, हे आजच ठरवून टाका. विनंतीच्या सुरात बोलू नका. ‘डॉक्टरांनी मला मोकळ्या हवेत जायला सांगितलंय, सकाळी त्या वेळात आईंकडे तुम्ही बघाल’, एवढं स्वच्छ सांगा. खरंच सांगितलंय त्यांनी. नणंदेला तुमची काळजी आहे हे दिसतंच आहे. तिला सांगा, की वर्षातून दोन दिवस जंगलात नेण्यापेक्षा आठवड्यातून एक संध्याकाळ येऊन आईजवळ बस, मी बाहेर जाऊन येते. आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला रजा मिळत नाही. ती घरच्यांनीच द्यायची असते. ते आपणहून देत नसतील तर तुम्ही मागून घ्या.

जायचं कुठे? घरापासून चालत पाच मिनिटांत पोचता येईल अशी एकच जागा निवडा आणि रोज तिथेच जा. बागेचा कोपरा असो, रस्त्याकडेचं एक जुनं झाड असो, तण माजलेला रिकामा प्लॉट असो, काहीही चालेल. सुंदर नसली तरी चालेल, फक्त सुरक्षित असावी. जागा रोज बदलू नका, हे मी आग्रहाने सांगते. नव्या शेजाऱ्याशी आपली ओळख कशी होते? एकदा घरी बोलावून तीन तास गप्पा मारून होत नाही. जिन्यात, फाटकाशी, रोज दोन मिनिटं दिसत राहिल्याने होते. एक दिवस तो दिसला नाही की आपल्याला चुकल्यासारखं वाटतं. जागेचंही तसंच. रोज तीच जागा बघितली तरच तिथे काय बदललं ते कळतं, आणि बदल कळायला लागला की रस आपोआप येतो.

पहिले काही दिवस ध्यान, दीर्घ श्वास वगैरे काही करू नका. झाडाचं खोड बघा. सबंध झाडही नको, वीतभर साल पुरे. भेगांमधून मुंग्यांची रांग चाललेली असेल. वर जाणारी आणि खाली येणारी समोरासमोर आल्या की क्षणभर थबकतात, मिशांनी एकमेकींना चाचपतात आणि पुढे होतात. एखादी तोंडात काही घेऊन येत असते, तिला बाकीच्या वाट देतात की नाही ते बघा. सालीवर राखाडी-हिरवट, कोरडे, कागदासारखे चट्टे दिसतील. झाडाला रोग झालाय असं वाटतं, पण ते दगडफूल. बुरशी आणि शैवाल एकमेकांच्या आधाराने राहून एक जीव होतात, तो हा. पाऊस पडून गेल्यावर तोच चट्टा बघा, रंग बदललेला असेल. जवळपास एखादी जुनी भिंत असेल तर तिच्या खाचेत वाळून करडं, कुरकुरीत झालेलं शेवाळ शोधा. मेलंय असं वाटेल. बाटलीतलं चमचाभर पाणी त्यावर सोडा आणि तिथेच उभ्या राहा. काही मिनिटांत त्याची मिटलेली बारीक पानं उलगडायला लागतात आणि हिरवा रंग वर येतो. मुलीला हे एकदा दाखवाच, ती तुम्हाला रोज तिथे ओढून नेईल.

नवी पालवी नीट बघितली आहे का कधी? पुष्कळ झाडांची कोवळी पानं हिरवी नसतात. तांबूस, किरमिजी, कधी जवळजवळ तपकिरी असतात, आणि सुकल्यासारखी लोंबत असतात. थोड्या दिवसांनी ताठ होतात, मग हिरवी. हे रोज जाणाऱ्याला दिसतं. दोन दिवसांच्या सहलीत ते कसं दिसणार? तुम्हाला त्या जंगलात काही वाटलं नाही, याचं मला नवल वाटत नाही ते यासाठीच. तिथलं एकही झाड तुमच्या ओळखीचं नव्हतं.

इंग्लंडमधल्या डर्बी विद्यापीठात निसर्गाशी असलेल्या जवळिकीचा बरीच वर्षं अभ्यास चालू आहे. तिथल्या एका प्रयोगात लोकांना पाच दिवस रोज निसर्गातल्या तीन चांगल्या गोष्टी टिपून ठेवायला सांगितलं होतं. एवढ्याशा कामाने त्यांना निसर्ग जास्त जवळचा वाटायला लागला, आणि तो परिणाम प्रयोग संपल्यावरही टिकला. नुसतं बाहेर असण्यापेक्षा काहीतरी नजरेत भरणं, त्यातलं एखादं आवडणं, याला वजन आहे असं या मंडळींचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं. तुम्ही वही करू नका, तुमच्या दिवसात आणखी एक नोंद नको. परत आलात की त्या तीन गोष्टी सासूबाईंना सांगा. त्या दिवसभर छताकडे बघत पडून असतात, तुमच्या दोघींच्या बोलण्यात औषधं आणि जेवणाच्या वेळांखेरीज फारसं काही उरलेलं नसेल. खोडावरच्या मुंग्या, भांडणाऱ्या चिमण्या, नवी पानं. त्यांनाही त्यांच्या लहानपणचं काही आठवेल आणि त्या सांगतील.

मोबाइलचं काय करायचं? घरी ठेवून जा, असं मी सांगणार नाही. आजारी माणूस घरात असताना तुम्हाला ते जमणार नाही आणि तुमचा जीव सगळा वेळ टांगणीला लागेल. रिंग चालू ठेवा, बाकी सूचना बंद करा आणि फोन पिशवीत तळाशी टाका. फोन आला तर घ्यायचा, नाहीतर पिशवीत हात घालायचा नाही. फोटोही काढू नका, निदान पहिला महिना तरी. फोटो काढायला फोन हातात घेतला की पुढच्या मिनिटाला आपण ऑफिसचे मेसेज वाचत असतो.

पहाटे तीनच्या विचारांबद्दलही सांगते. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना दीड तास गवताळ, झाडं असलेल्या भागातून चालायला पाठवलं आणि काहींना वाहनांनी भरलेल्या मोठ्या रस्त्याकडेने. पहिल्या गटातल्यांच्या डोक्यात स्वतःबद्दलचे तेच ते नकारात्मक विचार घोळणं कमी झालं, आणि अशा घोळण्याशी संबंधित असलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही कमी झालेली दिसली. रस्त्याकडेने चालणाऱ्यांत तसं झालं नाही. प्रयोग लहान होता, जेमतेम चाळीसेक माणसं. त्यामुळे त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये, पण तुम्हाला चालायला दोन वाटा उपलब्ध असतील तर झाडांची निवडा, थोडी लांबची पडली तरी. आणि तीनला जाग आलीच, तर अंथरुणात पडून लढू नका. खिडकीशी जाऊन अंधारात बसा, बाहेरचे आवाज ऐका, झोप आली की परत या. दिवा आणि फोन लावू नका.

आठवड्याला किती वेळ पुरे, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्ही हिशेबाच्या माणूस, विचाराल. २०१९ साली इंग्लंडमधल्या जवळजवळ २०,००० लोकांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्या लोकांनी आपली तब्येत चांगली आहे, आपण समाधानी आहोत असं सांगण्याचं प्रमाण, अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. तो वेळ एकदम घालवला की थोडाथोडा, याने फरक पडत नव्हता. तुमच्यासारख्या, दोन तास एकदम कधीच न मिळणाऱ्या बाईच्या दृष्टीने यातला हा शेवटचा भाग कामाचा. रोजची वीस मिनिटं तिथवर सहज नेतात. पण १२० या आकड्याला चिकटून बसू नका. ज्यांची तब्येत आधीच चांगली आहे तेच बाहेर जास्त जात असतील, ही शक्यता त्या अभ्यासात उरतेच. एखाद्या आठवड्यात चाळीसच मिनिटं झाली तर चाळीस झाली. हवा खराब असेल, ऊन फार कडक असेल, परागांनी शिंका आणि दम लागत असेल, तर त्या दिवशी घरात थांबणंच शहाणपणाचं.

नणंद पुन्हा एखाद्या वनस्नानाच्या शिबिराला चल म्हणेल. जायचं असेल तर जरूर जा, त्यात वाईट काही नाही. पण ती काही प्राचीन गूढ विद्या नव्हे, की शिकल्याशिवाय जमणार नाही. जपानच्या वनविभागाने १९८२ साली लोकांना जंगलांकडे वळवण्यासाठी ही कल्पना पुढे आणली. सावकाश चाला, बघा, ऐका, वास घ्या, स्पर्श करा, एवढाच तिचा गाभा. तुमच्या त्या रोजच्या जागी हे सगळं होतं.

आता सासूबाईंचा पलंग. त्या झोपतात तिथून त्यांना काय दिसतं? तुम्ही लिहिलेलं नाही, पण बऱ्याच घरांत पलंग असा लावलेला असतो की शुश्रूषा करणाऱ्याला सोयीचं पडावं, आणि पडलेल्या माणसाच्या समोर कपाट नाहीतर भिंत येते. रॉजर उलरिक या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात सगळ्यांत जास्त सांगितला जातो. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, प्रकृती वगैरे सारखी असलेल्यांच्या २३ जोड्या लावून पाहिलं, तर झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले होते आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली होती. यातही माणसं थोडीच, पण पलंग फिरवायला खर्च येत नाही आणि अपायही नाही. उशाकडची बाजू फिरवा, पाठीला उंच उशी द्या, पडदा सारा, म्हणजे त्यांना आभाळाचा तुकडा आणि एखादी फांदी तरी दिसेल. दिवसा त्या खोलीत भरपूर उजेड आणि रात्री नीट अंधार ठेवलात तर त्यांची दिवसा डुलक्या आणि रात्री जागरण ही तऱ्हाही कमी व्हायला मदत होईल, आणि मग रात्री तुम्हाला कमी उठावं लागेल. काचेतून येणाऱ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळेल असं मात्र धरून चालू नका. त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. ते कमी आहे का, हे डॉक्टरांना विचारा. हवा बरी असेल तेव्हा खिडकी उघडा. पाखरांचे आवाज आत येऊ द्यात, तुमच्यासाठीसुद्धा. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या २०२२ मधल्या अभ्यासात पक्षी दिसल्यावर किंवा ऐकू आल्यावर लोकांना बरं वाटत असल्याचं आणि तो परिणाम काही तास टिकत असल्याचं आढळलं. नैराश्य असलेल्यांनाही ते लागू होतं. हिशेब तपासताना कानांवर एवढं पडलं तरी चांगलंच.

मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण तिला बाहेर काढणं तुमच्याइतकंच गरजेचं आहे. बाहेरच्या भरपूर उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं कमी दिसण्याचा दोष कमी प्रमाणात होतो, हे आता चांगलं सिद्ध झालंय. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर दिली. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के मुलांना हा दोष झालेला होता, आणि ज्यांना अशी जादा वेळ मिळाली नाही त्यांच्यात सुमारे ४० टक्के मुलांना. चष्मा एकदा लागल्यावर नंबर वाढणं बाहेर खेळण्याने किती थांबतं, याबद्दलचे पुरावे एवढे भक्कम नाहीत, त्यामुळे नेत्रतज्ज्ञांच्या तपासण्या चुकवू नका. सुट्टीच्या दिवशी तिला तुमच्या जागी घेऊन जा. तिला माहिती सांगत बसू नका, तिने काय बघायचं ते तिलाच ठरवू द्या. ती खड्डा खणत बसेल, काठीने चिखल ढवळेल, कपडे मळवेल. त्यासाठी जुने कपडे घालून न्या.

राहिल्या कुंड्या. चार कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होते असं ऐकून तुम्ही विचारलं असेल, तर तसं होत नाही. १९८९ साली ‘नासा’ने बंदिस्त पेटीत रोपं ठेवून प्रयोग केले, तेव्हापासून ही समजूत पसरली. घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा आढावा घेतला गेला, तेव्हा दारं-खिडक्यांतून खेळणाऱ्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार रोपं लागतील असा हिशेब निघाला. हवेसाठी खिडकी उघडणंच बरं. पण मातीत हात घालण्याचा फायदा वेगळा आहे. नेदरलँड्समध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना आधी ताण येईल असं काम दिलं आणि मग अर्धा तास काहींना बागकाम करायला, काहींना घरात वाचत बसायला सांगितलं. ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, दोन्ही गटांत उतरलं, पण बागकाम करणाऱ्यांत जास्त, आणि त्यांचा मूडही पूर्ण सावरला.

म्हणून चार आणू नका, एकच आणा. चौघांचं करणं तुमच्या अंगावर पडेल आणि त्यातली दोन सुकली की तुम्ही स्वतःला बोल लावत बसाल. सहज जगणारं, लवकर वाढणारं रोप घ्या, म्हणजे बदल दिसेल. ते सासूबाईंच्या खिडकीत, त्यांचा हात पोचेल एवढ्या अंतरावर ठेवा. त्यांच्या हातात ताकद असेल तर पाणी घालायचं काम त्यांच्याकडेच द्या, लहान तोंडाच्या बाटलीतून घालता येतं. किती घालायचं ते त्यांना मातीत बोट रुतवून ठरवू द्या. वरचं पेरभर कोरडं लागलं तरच घालायचं. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी मात्र तुम्ही रोज ओतून टाका, नाहीतर त्यात डास होतील.